चहाचा डाग

परवा बोरिवलीच्या बेकरीत ताज्या पावाचा वास आला आणि मी भर रांगेत दुष्टासारखी हसले. आर्किटेक्चरच्या पहिल्या वर्षाला आम्ही ड्रॉइंगच्या शीटवरचे पेन्सिलचे काळे डाग पावाच्या मऊ गराने टिपायचो. तरी आमचे सर शीट खिडकीशी धरून एखादा ठिपका शोधायचेच आणि सबंध शीटवर लाल फुली मारायचे. माझ्या जिन्याच्या शीटवर तीनदा फुली पडली होती. त्यांची सही मिळाली नाही तर परीक्षेला बसता येणार नव्हतं. माझं अन्नपाणी तुटलं होतं. हात जरा हलला की मी स्वतःलाच शिव्या घालायचे.

चौथ्यांदा काढलेली शीट घेऊन कॅंटीनमध्ये बसले होते. मैत्रीण आयव्ही म्हणाली, "तो माणूस डाग शोधणारच ना? मग तूच दे की त्याला."

मी चहाचा ओला कप शीटच्या मधोमध ठेवला. सुरेख तपकिरी गोल उमटला.

"मेलीस तू," आयव्ही म्हणाली.

वर्गात सरांना म्हटलं, "सर, डाग इथे आहे. शोधायचा त्रास नको."

"पुन्हा काढ."

"नाही काढणार, सर. जिना चुकला असेल तर दाखवा."

सगळा वर्ग बघत होता. सरांनी पट्टी लावून पायरी न् पायरी तपासली. चूक सापडेना. त्यांचे कान लालबुंद झाले. शेवटी त्यांनी सही केली, ती इतकी दाबून की कागद फाटला.

माफ केल्याने मन हलकं होतं म्हणतात. होत असेल. माझं त्या कानांनी झालं. त्या दुपारी मी पोटभर जेवले, आणि पुढच्या शीटवर शाईचा थेंब सांडला तेव्हा स्वतःला एवढंच म्हटलं, "पडू दे गं."