मागल्या बेटावर उतरताना

सत्यवती स्वयंपाकघराच्या फरशीवर आडवी होते ती झोपायला नव्हे, नाकाला जरा विसावा द्यायला. उजाडल्यापासून सुरमई तळून तळून तेलाचा वास तिच्या केसांत, पदरात आणि घशात जाऊन बसला आहे. ओट्यावर डब्यांची चळत तयार आहे. खाली खाडीत लवूची होडी चिखलात बसून आहे, कारण ओहोटीने पाणी सुकलं आहे आणि भरती आल्याशिवाय ती हलणार नाही. गिऱ्हाइकांना हे काही केल्या समजत नाही. त्यांच्यातल्या एकाने सकाळीच फोन करून विचारलं, की पाणी लवकर भरण्यासाठी तुमच्याकडून काही करता येईल का.

लवू तिचा मुलगा. तो अख्खी होडी दिवसभरासाठी भाड्याने देतो आणि तीन बेटं फिरवून आणतो. तिसरं ते मागलं बेट. जेटीवरच्या बोर्डावर लवूने त्याचं नाव 'हनिमून पॉइंट' असं रंगवून घेतलं आहे, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना लाल बदाम काढले आहेत. ते दिसलं की सत्यवती मान फिरवते.

कारण मागल्या बेटाचं काम गावाने केव्हाच ठरवून ठेवलेलं आहे. समुद्रात गेलेला माणूस परत आला नाही आणि त्याचा देहही मिळाला नाही, तर पळसाच्या पानांचा माणूस करतात, डोक्याच्या जागी नारळ ठेवतात, आणि मागल्या बेटावर नेऊन त्याला अग्नी देतात. पुरुष तेवढे जातात आणि मागे न बघता परत येतात. त्या घरातलं कुणी नंतर तिथे पाय ठेवत नाही. सत्यवतीच्या नवऱ्याला, दिगंबर तांडेलाला, असाच निरोप दिला गेला. अग्नी लवूनेच दिला, तेव्हा तो शाळेत होता.

आणि आता तोच लवू तिथे माणसं उतरवतो. माणसं शहाळ्यात नळी खुपसून पाणी ओढतात, गाणी लावून नाचतात, आडोसा बघून मुततात, उरलेल्या काट्यांचे डबे खडकावर पालथे करून येतात. 'मी खाली उतरत नाय गो आये, होडीतच बसतंय,' असं लवू सांगतो, जसं काही त्याने सगळं धुऊन निघतं. फोडलेलं शहाळं दिसलं की सत्यवतीला काय दिसतं, ते तिने आजवर कुणाला सांगितलेलं नाही. सांगण्यासारखं ते नाहीच.

आज मात्र ती लवूला सांगणार आहे. एक तर मागलं बेट बंद, नाही तर मी चालले लेकीकडे, रत्नागिरीला. घरात दोघंच माणसं, त्यातलं एक उठून जाईल. लवू हट्टी आहे आणि तीही काही कमी नाही. वाक्य तोंडात तयार आहे, फक्त त्याने दार लोटून आत यायचा अवकाश.

डोळा लागला की नाही, हे तिला कळत नाही. फरशी गार आहे एवढं कळतं, मग फरशी ओली आहे एवढं कळतं. ती उठून बसते. परसाकडचं दार उघडं आहे, आणि जिथे भांडी घासायची जागा असायची तिथे पाणी आहे, थेट उंबऱ्यापर्यंत. उंबऱ्याला होडी लागली आहे. होडीत, गिऱ्हाइकांच्या बाकावर, दिगंबर बसला आहे.

"इलात?" ती विचारते.

"बुकिंग केलंय," दिगंबर म्हणतो. "बस गो. पाणी भरला."

त्याच्या उघड्या अंगावर ते नारिंगी जॅकेट आहे, बुडू नये म्हणून लवू सगळ्यांना घालायला लावतो ते. रोज वेगळ्या माणसाच्या घामात भिजलेलं, कधी धड न वाळलेलं, काखेत बुरशीचे काळे ठिपके पडलेलं. मानेवर शेवाळ आहे. कानामागे बारीक बारीक शिंपले चिकटले आहेत. कोपरातून पाणी गळतंय आणि त्याला गाळाचा वास आहे. कानातून एक इवलीशी कुर्ली नांगी काढून डोकावते आणि पुन्हा आत जाते.

इतकी वर्षं जिने हा माणूस एकदा दिसावा म्हणून देवांना सोडलं नाही, ती सत्यवती पहिलं काय करते, तर पदर नाकाला लावते. स्वतःची लाज वाटते तिला. पण लाज वाटली म्हणून शिसारी जात नाही. ती त्याच्यापासून हातभर लांब बसते.

होडी चालू लागते. सुकाणूवर लवू आहे, पाठमोरा, वळून बघत नाही. मागे गिऱ्हाइकं आहेत. एक बाई पायाची नखं कापते आहे आणि तुकडे पाण्यात टाकते आहे. एकजण काठावर वाकून ओकतो, तोंड पुसतो आणि लगेच विचारतो, "जेवण कधी?"

"डबो खोल," दिगंबर म्हणतो.

ती खोलून त्याच्या मांडीवर ठेवते, बोट लागणार नाही अशा बेताने. तो खातो. चावताना तोंडात वाळू करकरते. गालाच्या आतून काटे एकेक करून बाहेर काढून तो जॅकेटच्या खिशात ठेवतो.

"मीठ कमी पडला," तो म्हणतो.

"गिरायकांका कमीच लागता."

"मी काय गिरायक?"

यावर तिला हसू येतं, आणि हसता हसता उमाळा दाटतो, ओकारी वाटावी असा. हाच तो. ताटावर बसल्यावर पहिलं वाक्य मिठाचं.

पहिलं बेट लागतं. ते बेट नाही, मासळीबाजार आहे, सिमेंटच्या ओट्यांचा, पण ओट्यांवर मासळी नाही. ओट्यांवर गिऱ्हाइकं आडवी पडली आहेत, अंगाला तेल चोपडून, उन्हात. लोक त्यांचे कल्ले उचलून ताजी आहेत का बघताहेत. कुणी उतरत नाही. दुसरं बेट म्हणजे लग्नाचा मांडव, तिच्याच लग्नाचा, झालर तीच, फक्त मांडवाखाली समुद्र आहे आणि समुद्रभर सोलकढी. गुलाबी पाण्यावर तेलाचा तवंग, त्यावर प्लास्टिकचे पेले. पंगत कमरेइतकी बुडून बसली आहे आणि वाढपी पोहत पोहत वाढतो आहे. "आणखी घ्या, आणखी घ्या," असं कुणीतरी ओरडतं.

"मी लवूक सांगतलंय आज," ती म्हणते. नाकावरचा पदर न काढताच बोलते.

"काय?"

"ह्या बंद कर म्हणान. तुमच्या डोक्यार लोकांका नाचवता तो."

"नाचांदेत."

"मुततत थंय!"

"पाऊस पडता, पाखरा शिटतत, माणसा मुततत. माका काय झाला?"

"तुमका किळस येणा नाय?"

"माका?" दिगंबर स्वतःकडे, मग तिच्याकडे बघतो. "माका बघून कोणाक येता ता मी बघतंय मघापासून."

सत्यवती पदर खाली घेते. वास भसकन आत शिरतो. तिच्या डोळ्यांत पाणी येतं, ते वासाने की कशाने, हे तिचं तिलाही सांगता येणार नाही. एवढं मात्र खरं, की ती चिडते. मेलेल्या नवऱ्याने तरी बायकोची बाजू घ्यावी! तिने याच्यासाठी भांडायचं ठरवलं, पोटच्या पोराशी फारकत घ्यायला निघाली, आणि हा बसलाय काटे चोखत.

"तुमका अग्नी दिलो थंय," ती ओरडते. "पवित्र जागा ती."

"मगे तू कित्याक नाय इलंस कधी?"

"रिवाज नाय."

"रिवाज," दिगंबर म्हणतो, आणि गालातून आणखी एक काटा काढतो. "जिवंत माणसांनी केलेलो. माका कोणी इचारूक नाय."

मागलं बेट समोर येतं. हे मात्र बेटच आहे. तिने ते फक्त घरच्या अंगणातून, लांबून, काळ्या ठिपक्यासारखं पाहिलेलं आहे. जवळून ते लहान आहे, तिच्या घरच्या परसाएवढंच. कालवांच्या धारदार शिंपांनी भरलेला काळा खडक, मध्ये थोडी वाळू, वाळूत फोडलेल्या शहाळ्यांचा ढीग. त्यांच्यावर माश्या घोंगावताहेत. ढिगातलं प्रत्येक शहाळं तिच्याकडे तोंड करून आहे, आणि प्रत्येकाच्या तोंडात नळी आहे. सत्यवती होडीच्या काठाला धरून कोरडीच ओकते.

"थंय बघ नको," दिगंबर म्हणतो. "हय बघ."

गाणी वाजताहेत, गिऱ्हाइकं नाचताहेत. त्यांच्याकडे पाठ करून, मोठ्या खडकाच्या पलीकडे, लवू बसला आहे. चपला काढून बाजूला ठेवल्या आहेत. म्हणजे हा उतरतो! आईला खोटं सांगून रोज उतरतो! तिचं डोकं फिरतं. लवू खिशातून बिडी काढतो, पेटवतो, ओढतो. मग त्याच बिडीवर दुसरी पेटवतो आणि ती खडकाच्या खाचेत, वाऱ्याने उडणार नाही अशी, खोचून ठेवतो. दोन्ही बिड्या जळत राहतात. लवू तोंडाने काहीतरी पुटपुटतो, जाळं फाटलं, इंजिन गरम होतंय, आईचं गुडघ्याचं दुखणं, असलंच काहीतरी. मध्येच हसतोही.

"ती कोणाक ठेवता?" सत्यवती विचारते.

"तुका काय वाटता?"

ती खाचेतल्या बिडीकडे बघते.

"एकटो इलो तर गाव इचारतलो, त्या बेटार कित्याक गेललंस म्हणान," दिगंबर सांगतो. "गिरायका घेऊन इलो, तर कोण इचारता? ह्या मुतणाऱ्या माणसांच्या आड लपान माझो झील माका भेटता. आणि तू ता बंद करूक निघालंस."

एवढं बोलून तो होडीतून उतरतो. गुडघाभर पाण्यात उभा राहतो, आणि वळून तिच्याकडे हात करतो. गिऱ्हाइकाला उतरवताना होडीवाला करतो तसा.

"हात दी."

सत्यवती त्या हाताकडे बघते. पाण्यात राहून राहून पांढराफटक पडलेला, सुरकुतलेला, नखं गेलेली. बोटांमध्ये चिकट काहीतरी लोंबतंय. तळव्याची कातडी सैल आहे, धरली तर निसटून हातात येईल अशी. याच हाताने तिला मंगळसूत्र घातलं, याच हाताने बाळंतपणात पाणी पाजलं, हे सगळं तिला आठवतं. आठवून काही उपयोग होत नाही. तिचा हात मागे जातो, पदराखाली लपतो.

"माझी मी उतरतंय," ती म्हणते.

ती उतरते. अनवाणी पाय खडकावर पडतो, शेवाळावरून सरकतो, आणि कालवाची धार टाचेत खोल जाते. कळ थेट मस्तकात उठते. दिगंबर जागचा हलत नाही. हात तसाच पुढे ठेवून उभा आहे.

"किळस येता?" तो विचारतो. त्याच्या आवाजात राग नाही.

"येता," सत्यवती म्हणते, आणि मोठ्याने रडू लागते. "येता हो. काय करू?"

"येवंदे. माकापण येय, सुरवातीक," दिगंबर म्हणतो. "हात दी."

तिला द्यायचा आहे. पदराखालून हात निघत नाही. ती जोर लावते, मुठीत पदर गुंतला आहे, पाणी वर चढतंय, गाणं मोठं होतंय, आणि त्या गाण्यात कुणीतरी "आये, आये" करून हाका मारतंय.

"आये! पाणी भरला गो! डबे दी लवकर!"

ती फरशीवर आहे. परसाकडचं दार बंद आहे. पदराचा बोळा मुठीत घट्ट आवळलेला आहे. उठून उभी राहते तर उजवी टाच टेकवत नाही. ती पाय वळवून बघते. टाचेला आडवी चीर आहे आणि फरशीवर रक्ताचा चांगला हातभर फराटा आहे. चिरेत काहीतरी टोचतं. ती चिमटीने ओढून काढते. कालवाच्या शिंपेचा तुकडा, नखाएवढा, काळा, एका कडेला ओलं हिरवं शेवाळ. घरात आज फक्त सुरमई आणली होती.

ती तो तुकडा तळहातावर घेऊन बघते. मग पायाला फडकं बांधते, डब्यांची पिशवी उचलते आणि लंगडत जेटीवर येते.

गिऱ्हाइकं आधीच बसली आहेत. होडीत कालच्या ओकारीचा वास अजून आहे. लवू वाकून फळ्यांच्या फटीतून ती घाण हाताने खरवडून काढतो आहे. एका गिऱ्हाइकाने चिप्सचं पाकीट संपवून आत्ताच पाण्यात टाकलं आहे. सत्यवतीला सगळ्यांच्या कानाखाली आवाज काढावासा वाटतो.

"दी पिशवी," लवू म्हणतो. "पायाक काय झाला गो?"

"कालव लागला."

"घरात?"

ती पिशवी त्याच्याकडे देते आणि जेटीवरच उभी राहते. तयार करून ठेवलेलं वाक्य तोंडात आहे अजून. ती ते गिळते.

"बिडी घेतलंस मा खिशात?" ती विचारते.

लवूचा चेहरा उतरतो. आईसमोर त्याने जन्मात बिडीचं नाव काढलेलं नाही. तो तिच्याकडे बघतो, मग तिच्या पायाच्या फडक्याकडे, त्यातून वर आलेल्या रक्ताकडे बघतो.

"होय," तो हळूच म्हणतो.

"मगे माका वर घी. मीय येतंय."

तो तिच्याकडे हात करतो, आणि मग हात कशाने भरलाय ते आठवून मागे घेऊ लागतो, लेंग्याला पुसायला. सत्यवती त्याला पुसू देत नाही. तो चिकट, आंबूस, घाण हात ती तसाच धरते. डोळे मिटावेसे वाटतात. होडीत पाय टाकून झाल्यावरही ती तो सोडत नाही.