गुडघा आणि भेंडी

मंडळी, आज जाऊबाईंच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी वाशीतलं एक हॉस्पिटल बघून आलो. सोसायटीच्या ग्रुपवर सगळ्यांनी कौतुक केलं होतं ते तिथल्या कॅन्टीनच्या साबुदाणा वड्याचं.

मी डॉक्टरांना विचारलं, "इथे ऑपरेशननंतर किती जणांना इन्फेक्शन होतं?"

जाऊबाईंनी मला चिमटा काढला. डॉक्टर हसले. "काकू, हे कोणी विचारत नाही."

"भेंडीचंसुद्धा टोक मोडून बघतो आम्ही. हा तर गुडघा आहे."

त्यांनी गेल्या वर्षीचा आकडा दाखवला, बिघडलेल्या केसेससकट. जाऊबाईंनी तिथेच तारीख घेतली.

आमचे हे आजारी होते तेव्हा असं विचारता येतं हेच ठाऊक नव्हतं. ते गेल्यावर मी याबद्दल वाचत गेले, तेव्हा कळलं.

हा आकडा हॉस्पिटलांनी दारातच लावला तर? तुमच्यापैकी कुणी कधी विचारलाय?