महालक्ष्म्यांसमोरचं लंगडं इंजिन

आराशीतल्या इंजिनाचा बॉयलर काठोकाठ भरला की वाफ जास्त होईल, असा माझा हिशेब होता. दिवसभर ऑफिसात बेरजा करणारा माणूस मी. जास्त घातलं की जास्त निघतं, एवढंच मला कळायचं. म्हणून महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी सकाळी मी नरसाळ्यानं पाणी ओतत राहिलो, खाली स्पिरिटचा दिवा पेटवला आणि वाफ चढल्यावर शिट्टीची तार ओढली. शिट्टी वाजली नाही. तिनं गुळणी केली. तेलकट गरम पाण्याची पिचकारी थेट थोरल्या भावाच्या, नुकत्याच नेसलेल्या पूजेच्या धोतरावर गेली.

"काहून गा," दादा म्हणाला, "देवीची आरास कमी पडली म्हणून आता मले रंगवून राहिला का?"

तो हसला नाही. आमच्यातलं हसणं केव्हाच बंद झालं होतं. वडील गेल्यावर घराच्या मधोमध भिंत आली आणि भिंतीपलीकडचे निरोप बायकांमार्फत येऊ लागले. सामाईक राहिल्या त्या फक्त माझ्या बाजूच्या खोलीत बसणाऱ्या महालक्ष्म्या. पूजा थोरल्यानं करायची आणि आरास धाकट्यानं, हे वडील सांगून गेले होते. वर्षातले तेवढे तीन दिवस मलाही कुणी विचारायचं.

दादानं धोतराचा सोगा पिळला. "संध्याकाळी हळदीकुंकवाले बाया येतील. तवा हे नीट वाजलं पाहिजे. नाहीतर पुढच्या वर्षीपासून आरासही माह्याकडे. मी कागदाच्या झिरमिळ्या लावतो. त्या थुंकत नाहीत."

इंजिन पितळेचं, हातभर लांब, खऱ्या वाफेवर चालणारं. सदर बाजारातल्या एका रद्दीवाल्याकडे मिळालेल्या परदेशी मासिकातली चित्रं पाहून मी ते सुट्ट्यांच्या दिवशी घासून-तासून बनवलं होतं. मासिकातलं इंग्रजी मला अर्धं कळायचं. उरलेलं अर्धं मी चित्रांवर सोडलं होतं, आणि ते इंजिनाच्या अंगात स्पष्ट दिसत होतं. या वर्षी दोन्ही महालक्ष्म्यांभोवती रूळ टाकून त्याला प्रदक्षिणा घालायला लावायचं, असा माझा बेत होता.

शिट्टीचा दोष लवकर सापडला. बॉयलरमध्ये वाफेला जागाच नव्हती, म्हणून पाणीच वर चढत होतं. थोडं पाणी काढून टाकताच शिट्टी स्वच्छ वाजली. मी भिंतीकडे तोंड करून ती मुद्दाम दोनदा वाजवली. पलीकडून दादानं खिडकी आपटून लावली.

पण इंजिन चाललं की लंगडायचं. आमच्या घराजवळून जाणारी छोट्या लाइनची, अरुंद रुळांवरची गाडी ऐकू यायची. तिचे फुसकारे कसे एकसारखे, मोजून टाकल्यासारखे. माझ्या इंजिनाचे म्हणजे छक, छक, छक, आणि मग नुसता उसासा. रुळाच्या सांध्यांमुळे असेल म्हणून मी सांधे घासले. मग तेल कमी असेल म्हणून तेल पाजलं, तेव्हा ते लंगडत लंगडत काळे थेंबही उडवू लागलं. बायको पुरणाचा हात पुसत दारात आली, पाहून गेली.

नैवेद्याची वेळ झाली. आमच्याकडे पानं वाढली की देवीच्या खोलीचं दार लावून घेतात. महालक्ष्म्या जेवतात, तोवर सगळ्यांनी बाहेर गप्प बसायचं. कुणी खोकायचंसुद्धा नाही. मी शहाणपणा असा केला, की दार उघडताच गाडी निघावी म्हणून आत दिवा पेटता ठेवला आणि वाफेची चावी बंद करून बाहेर आलो. बंद केली असं मला वाटलं.

सगळे सतरंजीवर हात जोडून बसले. थोड्या वेळानं आतून आवाज आला. छक. छक. छक. उसासा.

एका म्हाताऱ्या आत्याबाईंनी हात कपाळाला लावले. आत देवीच चालत आहेत, असं त्यांना वाटलं असावं. मी उठू लागलो, तर दादानं माझा सदरा धरून खाली बसवलं.

"दार उघडाचं नाही," तो दात आवळून म्हणाला.

"दादा, आत दिवा पेटता आहे."

"पेटवताना नाही सुचलं का तुले?"

बंद दाराआड इंजिन चालत होतं आणि आम्ही दोघं त्या वर्षात पहिल्यांदा शेजारी बसून तेच ऐकत होतो. दादा भजनात तबला वाजवायचा. त्याची बोटं मांडीवर आपोआप हलत होती आणि चेहरा आंबत चालला होता.

"चौथी मात्रा खाऊन राहिलं तुयं इंजिन," तो कुजबुजला. "दर खेपेले तीच. दोन दिवसांपासून भिंतीतून ऐकून राहिलो. डोकं उठलं माहं."

"मग सांगितलं काहून नाही?"

"तू विचारलं का?"

दर खेपेला तीच. म्हणजे दोष रुळात नव्हता, तेलात नव्हता. चाकाच्या एका फेरीत चार फुसकारे. वाफ सोडणारी एक झडप जागेवरून सरकलेली असणार, त्यामुळे एका बाजूचं तोंड उघडतच नव्हतं. इतक्यात आतला आवाज मंदावून थांबला. दार उघडलं तेव्हा स्पिरिट संपून दिवा विझला होता आणि इंजिन आंबिलीच्या वाटीला नाक लावून उभं होतं.

जेवणं होताच मी ते पालथं केलं. झडपेच्या दांडीवरचा नट ढिला झाला होता. दांडी जागेवर आणून तो आवळला आणि पुन्हा वाफ धरली. पहिल्या बाया कुंकू लावायला वाकल्या तेव्हा इंजिन महालक्ष्म्यांभोवती फिरत होतं. छक, छक, छक, छक. छोट्या लाइनच्या गाडीसारखं.

दादा दारात उभा राहून एक फेरी ऐकत राहिला.

"आता चार येऊन राहिले," तो म्हणाला.

"मग आरास?"

"देवी जेवत असताना ज्याले गप्प बसता येत नाही, त्याच्या हाती आरास नको. पुढच्या वर्षी झिरमिळ्या."

तो गेला. त्याच्या बाजूचं दार लागलं. मी इंजिन पुसून गोणपाटात गुंडाळलं आणि स्वयंपाकघरात येऊन बसलो. बायको पातेली पालथी घालत होती. मी म्हटलं, पाहिलंस ना, नीट वाजलं तरी हेच.

"तेच तर," ती म्हणाली. "नीट काहून केलं ते? बिघडलेलं होतं तोवर दादाजी तुमच्याशी बोलून तर राहिले होते."