घोडेगावात थांबलेली गाडी आणि माझा डावा पाय

पन्नाशी उलटल्यावर मी गाडी चालवायला शिकले. कौतुक सगळ्यांनी केलं, पण शेजारी बसायला कुणी तयार नव्हतं. वर्षभर मंडई, बँक आणि लेकीचं घर एवढ्याच फेऱ्या मारून झाल्यावर मी एकदाचं जाहीर केलं की पाथर्डीला शोभाकडे जायचं आणि पुण्यापासून गाडी मीच चालवणार. शोभा माझी डी.एड.ची मैत्रीण, तिथल्याच शाळेत शिकवते. माझा नवरा विलास म्हणाला, "जाऊ या. पण वाटेत घोडेगावचा जनावरांचा बाजार बघायचा." त्याला म्हैस घ्यायची नव्हती, नुसती बघायची होती.

बाजार शुक्रवारी असतो, म्हणून शुक्रवारी पहाटेच निघालो. तुम्ही जाणार असाल तर वाघोली सहाच्या आत ओलांडा, नाहीतर तिथेच नाश्त्याची वेळ होते. पुढे शिरूर, सुपा असा रस्ता छान आहे. सुप्याला मिसळ खाल्ली. तर्री मागून घ्या, आपण होऊन वाढत नाहीत.

तिथून निघालो आणि गाडी थरथरायला लागली. टोलच्या रांगेत उभी राहिली की हीव भरल्यासारखी हलायची आणि वेग घेतला की शांत व्हायची. चढाला मात्र तिचा दम जायचा. नगरच्या बायपासला इंजिनाचा पिवळा दिवा लुकलुकला.

"क्लच घासतेस तू," विलास म्हणाला. "डावा पाय सारखा त्यावरच ठेवतेस. किती वेळा सांगितलं!"

मी गाडी कडेला घेतली आणि जागा बदलली. एरवी मी भांडले असते, पण मलाही मनातून तसंच वाटत होतं. इमामपूरचा घाट उतरेपर्यंत मी ठरवून टाकलं होतं की झाली तेवढी हौस पुरे, आता स्टिअरिंगला हात लावायचा नाही. पांढरीपुलाला लोक भेळ खायला मुद्दाम थांबतात. आम्हीही थांबलो, पण माझी भेळ मी विलासकडेच सरकवली.

घोडेगावात बाजार ऐन भरात होता. म्हशींच्या रांगा, शिंगांना लावलेला रंग, टेम्पोतून उतरणारी जनावरं. पण आमचं लक्ष कुठलं लागतंय! बाजाराजवळच मुनीरभाईंचं गॅरेज दिसलं. साठीचे गृहस्थ, हाताला कायमचं काळं लागलेलं. विलासने माझ्या क्लचची सगळी कहाणी त्यांना ऐकवली. त्यांनी ती ऐकून घेतली आणि विचारलं, "गाडी रोज चालवतं कोन?"

"ही," विलास म्हणाला.

"मग तुमी जरा थांबा. बाजारात म्हैस घेताना मालकाला न्हाई इचारत आमी. त्यो गुनच सांगनार. रोज धार काढती तिला इचारायचं. बोला ताई."

मग मी आठवून आठवून सांगितलं. महिनाभर सकाळी पहिल्यांदा चालू केली की ती थोडी थरथरते. सीएनजीवर जास्त, पेट्रोलवर कमी. गिअर मात्र सहज पडतात, घसरत नाहीत. बोलता बोलता माझं मलाच नवल वाटलं, की मला एवढं सगळं माहीत होतं.

"क्लच गेला असता तर उभ्या गाडीला हीव भरलं नसतं," मुनीरभाई म्हणाले. त्यांनी प्लग काढून इंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजला. एकाचा निम्म्यावर होता. त्यात चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजला, तरी काटा हलला नाही. "पिस्टनच्या रिंगा झिजल्या असत्या तर ऑइलनं दाब वाढला असता. ह्यो व्हॉल्व्ह हाय. दार नीट लागत न्हाई, वारा निसटतोय. तुमच्या पायाचा ह्यात काय बी संबंध न्हाई, ताई."

मी पदर डोळ्यांना लावला. धुळीचा बाजार, त्यामुळे कुणाला संशय आला नाही.

"इंजिनाचं डोकं, म्हंजे हेड, खोलावं लागंल," ते पुढे म्हणाले. "मी खोलीन, पन वॉरंटी आसंल तर हात न्हाई लावनार. बाहेर खोललं की कंपनी मोकळी."

"वॉरंटी कधीच संपली," विलास म्हणाला.

"संपलेली नाही," मी म्हणाले. "मी वाढवून घेतली होती."

वाढीव वॉरंटी म्हणजे लोकांना घाबरवून पैसे काढायचा धंदा, हे विलासचं ठाम मत. गेल्या वर्षी सर्व्हिसिंगला मी एकटी गेले होते, तेव्हा गुपचूप सही केली होती. का, तेही तिथेच सांगून टाकलं: "मी शिकताना गाडीची वाट लावीन असं वाटत होतं मला."

विलासने फोनवर अटी वाचल्या. वॉरंटीत इंजिनाचे आतले भाग आहेत, व्हॉल्व्ह आहे. क्लच मात्र नाही, कारण तो झिजणारा भाग. म्हणजे ज्याच्या भीतीने मी पैसे भरले, तो त्यात नव्हताच! तिघंही हसलो. मुनीरभाईंनी दाब मोजल्याचे पैसे घेतले नाहीत, चहा उलट त्यांनीच पाजला.

गाडी उचलून न्यायला ट्रक आला आणि ती नगरच्या सर्व्हिस सेंटरला गेली. आम्ही मिरी, तिसगाव करत जीपने पाथर्डीला पोचलो, दाटीवाटीने पण मजेत. शोभाने बाजरीची भाकरी आणि हुलग्याचे शेंगोळे केले होते. तिच्या वर्गात दिवाळीनंतर निम्मीच पोरं उरतात, बाकीची आईबापांबरोबर ऊसतोडीला जातात. दुसऱ्या दिवशी तिच्यासोबत मोहटादेवीला जाऊन आलो आणि एसटीने परतलो.

आठवड्याने गाडी आणायला नगरला गेलो. व्हॉल्व्ह आणि कामाची मजुरी वॉरंटीत बसली. ऑइल, कूलंटचा खर्च आमच्याकडे. त्यांनी आधीच्या प्रत्येक सर्व्हिसिंगची पावती मागितली. एकही चुकलेली नव्हती, म्हणून निभावलं. वाढीव वॉरंटी घ्यावी का, असं विचाराल तर माझं मत: गाडी भरपूर पळत असेल आणि सर्व्हिसिंग वेळेवर करणार असाल तर घ्या, पण काय वगळलंय ते आधी वाचा. आणि अपघाताचा विमा आहे म्हणून गाफील राहू नका, तो अशा दुखण्याला कामाचा नाही.

परतताना विलासने आपणहून डावीकडचं दार उघडलं. मी चालवताना या माणसाने आजवर पापणी लवू दिली नव्हती, आणि सुप्याच्या पुढे तो चक्क तोंड उघडं टाकून झोपला. घरी पोचून इंजिन बंद केलं तरी जागा झाला नाही. मी तशीच बसून राहिले. चूक झाली असं त्याने अजून म्हटलेलं नाही, आणि आता मला ते ऐकायचंही नाही.