'आपण' म्हणणारं गिऱ्हाईक

आमच्या गल्लीच्या तोंडाशी बसणाऱ्या किल्लीवाल्याला नावाने हाक मारली ती फक्त त्याच्या आईने, तीही रागावली की. बाकी जगाला तो 'ए किल्ली'. त्याची बायको चार माणसांत तोंड उघडत नसे, म्हणून आम्ही तिला मागून 'कुलूप' म्हणायचो. जोडा मोठा झकास.

शिक्षणाचं म्हणाल तर त्याच्या वस्तीत शाळा होती तेव्हा मास्तर नव्हते, आणि मास्तर आले तोवर शाळेत सिमेंटचं गोदाम झालं होतं. बरोबरीची काही पोरं खिसे कापायला लागली, हा मामाच्या हाताखाली किल्ल्या कापायला बसला. पोलिसांच्या लेखी सगळी एकच कापाकापी. घरफोडी कुठेही होवो, पहिली जीप याच्या टपरीपाशी. म्हणून त्याने नेम केला होता: ओळख द्यायला शेजारी पुढे आल्याशिवाय परक्याचं कुलूप उघडायचं नाही.

मुलगी मात्र चलाख निघाली. हमरस्त्यापलीकडच्या बड्या शाळेत गरिबांसाठी मूठभर फुकट जागा असतात, त्यातली एक तिला मिळाली. तिला फाटकाशी सोडून परतताना हा अशी छाती काढून चालायचा की शर्टाची बटणं दयेची याचना करत.

एका दुपारी इस्त्रीच्या कपड्यातला एक तरुण टपरीवर आला.

"काका, किल्ली हरवली. आपण जरा आमचं दार उघडून द्याल का?"

आपण? किल्लीवाल्याने मागे वळून पाहिलं, दुसरं कुणी उभं आहे की काय. मग भारावल्यासारखा उठला, गेला, दार उघडून दिलं. आपण म्हणणाऱ्याची ओळख कुठल्या तोंडाने मागायची?

घर भलत्याचंच होतं. कपाट साफ झालं. दोघेही पकडले गेले, आणि कळलं की तरुण त्याच बड्या शाळेचा माजी विद्यार्थी. पैसे मौजमजेला हवे होते.

शाळेच्या मोठ्या बाई स्वतः चौकीवर आल्या. "कोवळं वय आहे हो, वाट चुकला," म्हणाल्या. किल्लीवाल्याकडे बोट करून म्हणाल्या, "यांच्या रक्तातच असतं." झालं. तरुण परदेशी शिकायला गेला, किल्लीवाला तुरुंगात. मुलीला शाळेने घरी पाठवलं, का तर म्हणे इतर पालक घाबरतात. त्या दिवट्याचं नाव मात्र गुणवंतांच्या फळ्यावर सोनेरी अक्षरांत तसंच. शिपाई ते फडक्याने पुसून चकचकीत करत होता, मी या डोळ्यांनी पाहिलं.

तो सुटून आला तेव्हा मुलगी टपरीवर कानस चालवत होती. तिची शाळा सुटली ती सुटलीच.

परवा बाईंच्या खोलीचं कुलूप अडकलं. शिपाई बोलावून थकला, तेव्हा बाई स्वतः रस्ता ओलांडून आल्या. मी बाकड्यावरच होतो. असा तमाशा मी कशाला सोडतोय?

"आपण जरा येता का?" बाई गोड आवाजात म्हणाल्या.

किल्लीवाल्याने हत्यारं पुसून पेटीत ठेवली.

"बाई, 'ए किल्ली' म्हणाला असतात तर मुकाट आलो असतो. आपण म्हटलं की मी आता ओळख मागतो." मग मुलीकडे वळला. "तू होतीस ना यांच्याकडे? ओळखतेस का गं यांना?"

तिने कानशीवरून मान वर केली, बाईंना नीट न्याहाळलं.

"नाही," म्हणाली, आणि पुन्हा घासायला लागली.