वर्गातली गावकी

पेणच्या शाळेतून निवृत्त झाल्यावर मी घरी स्वस्थ बसेन असं कुणालाच वाटलं नव्हतं, आणि माझ्या सुनेला तर ते नकोच होतं. त्यामुळे रोह्याकडच्या एका गावात नववीच्या मुलांना मूलभूत हक्क समजावून सांगाल का, असं एका संस्थेनं विचारलं तेव्हा मी फार आढेवेढे घेतले नाहीत. दर शनिवारी सकाळची एसटी धरायची, गडब, नागोठणं करत रोह्याला उतरायचं, पूल ओलांडून अष्टमीला यायचं आणि तिथून मिनीडोर रिक्षात गुडघे पोटाशी घेऊन बसायचं. संस्थेनं एक रंगीत तक्ता दिला होता. त्यात देशोदेशीची मुलं हातात हात घालून पृथ्वीच्या गोळ्यावर उभी होती. पहिल्याच दिवशी एकानं विचारलं, "बाई, खालची पोरं पडत कशी नायत?" मी तक्ता गुंडाळून कपाटामागे टाकला.

मुलं चटपटीत होती. शिक्षणाचा हक्क, बोलण्याचा हक्क, समानता, सन्मानानं जगणं, सगळं धडाधड सांगायची. मलाही मनातून गुदगुल्या व्हायच्या. एकच गोष्ट खुपत होती. खिडकीजवळच्या बाकावर एक मुलगी एकटी बसायची. बाकीच्या बाकांवर तिघंतिघं दाटीवाटीनं आणि हिच्या शेजारची जागा रिकामी. खोडरबर नसलं तर ती कुणाकडे मागत नसे, बोट ओलं करून खोडायची आणि पान फाडून ठेवायची. मला आधी वाटलं, पोरगी तुसडी असेल.

मुख्याध्यापकांना विचारलं तर त्यांनी आधी दार लोटलं. मुलीच्या आईनं ग्रामपंचायतीची निवडणूक लढवली होती. गावकीनं, म्हणजे गावातल्या कर्त्या पुरुषांच्या बैठकीनं, दुसरंच नाव ठरवून ठेवलं होतं. आई पडलीच, पण तेवढ्यावर भागलं नाही. घर वाळीत टाकलं. त्यांच्याशी कुणी बोलायचं नाही, त्यांचं भात गिरणीवर घ्यायचं नाही, त्यांच्या लग्नाला, मयताला जायचं नाही. जो जाईल त्याला दंड आणि वर तोही वाळीत.

"अहो, याच्याविरुद्ध कायदा आहे," मी म्हटलं.

"कायदा हाय ओ बाई," सर म्हणाले. ते शेजारच्याच गावचे. "पन आमाला हितं ऱ्हायचं हाय."

आमच्या जिल्ह्याला हे नवीन नाही. पेपरात वाचत आले होते, वाचून हळहळून पान उलटत आले होते. पण हे लोण वर्गातल्या बाकापर्यंत आलेलं मी पहिल्यांदा पाहिलं आणि माझं डोकं फिरलं. पुढच्या शनिवारी मी वाळीत टाकण्यावरच बोलले. कुणाचं नाव घेतलं नाही, तशी गरजही नव्हती. सगळ्या माना आळीपाळीनं खिडकीकडे वळत होत्या आणि ती मुलगी वहीत डोकं खुपसून बसली होती.

शेवटी मॉनिटर उभा राहिला. "म्हंजे बाई, आमी तिच्याशी बोललो तं चालतंय?"

"चालतंय काय? तो तुमचा हक्क आहे. आणि तिचाही."

गावकीच्या पुढाऱ्याची नात पहिल्या बाकावर बसायची. ती म्हणाली, "मी आजोबांना सांगेन." त्यावर कुणी हसलं नाही. मीही तिला एवढंच म्हटलं की खुशाल सांग.

त्यानंतरच्या शनिवारी खिडकीजवळच्या बाकावर तिघी बसल्या होत्या. खरं सांगते, मला रडू आलं. खडू शोधायच्या निमित्तानं मी फळ्याकडे तोंड केलं आणि बराच वेळ खडू शोधला. शाळा सुटल्यावर ती मुलगी माझ्याबरोबर रिक्षापर्यंत आली. बोलायची सवय मोडली होती तिची, वाक्य सुरू करायची आणि थांबायची.

"बाई, आपला वर्ग पोपटी लावनार हाय. मला पन बसायचं हाय."

"मग बस की."

"गेल्या साली आय नि मी दोघींनीच लावलेली. दोघींना खायाला मजा नाय येत."

थंडीत वालाच्या शेंगा भरल्या की आमच्याकडे शेताशेतांत पोपटी लागते. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला घालायचा, वर शेंगा, जाडं मीठ, ओवा, जमल्यास अंडी आणि बटाटे, पुन्हा पाला कोंबून मडकं उपडं करायचं आणि भोवती जाळ करायचा. पाण्याचा थेंब लागत नाही, माणसं मात्र लागतात. आळीच्या आळी जमते, आणि कोण कुणाच्या पोपटीला बसतं त्यावरून गावात कोण कुणाचं ते कळतं. त्या मुलीला त्या गोलात जागा हवी होती. सबंध हिवाळ्यात तिनं मागितलं ते एवढंच.

पोपटी शाळेमागच्या शेतात लागली. सरांनी त्या दिवशी नेमकं रोह्याला काम काढलं. मी चहा संपवून मागे गेले तेव्हा ती मुलगी गोलाच्या मधोमध बसून मीठ जास्त झालं म्हणून एकीशी कडाकडा भांडत होती. तिला भांडताना ऐकून मला इतकं बरं वाटलं की मीही उगाच मीठ कमीच आहे म्हणून भांडणात पडले.

मग मला बांधावर बसलेली ती पुढाऱ्याची नात दिसली. मांडीवर डबा, तोंड दुसरीकडे.

"तिला बोलवा की रे," मी म्हटलं. कुणी हललं नाही.

"तिला वाळीत टाकलीय, बाई," मॉनिटर म्हणाला. शाबासकी मिळणार अशी त्याची खात्री होती.

त्यांनी रीतसर बैठक घेतली होती. चिंचेखाली सगळ्यांना बसवलं, मधे नारळ ठेवला, एकेकाला कौल विचारला. तिनं हक्क मोडला, आजोबांना सांगेन म्हणाली, म्हणून तिच्याशी कुणी बोलायचं नाही. जो बोलेल तोही बाहेर. घरी मोठ्यांचं बघून सगळं बिनचूक उचललं होतं.

मी भडकले. हक्क तिलाही आहेत, जिला तुम्ही जवळ केलंत तिला जेवढे आहेत तेवढेच आहेत, असं बरंच बोलले. मुलांनी वर्गात ऐकतात तसं नीट ऐकून घेतलं. मग एकीनं विचारलं, "मग बाई, हक्क मोडला तं करायचं काय?"

"तक्रार करायची. पोलिसांत जायचं. कोर्टात जायचं."

बोलताना माझं मलाच पोकळ वाटलं. त्या मुलीच्या आईनं तक्रार दिली होती आणि त्या तक्रारीचं काहीही झालं नाही, हे तिथल्या प्रत्येक पोराला ठाऊक होतं. वाळीत टाकणं मात्र त्याच दिवसापासून लागू झालेलं त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. चालणारा उपाय त्यांना एकच माहीत होता, आणि मी इतके शनिवार येऊन त्यांना दुसरा दिला नव्हता.

मी बांधावर गेले. नात माझ्याकडे न बघता म्हणाली, "मी घरी सांगितलंच नाय, बाई. शप्पथ."

"मग हे त्यांना सांग ना."

"कोन ऐकतंय?"

तिकडे मडकं फोडलं होतं. वाफा निघत होत्या, पोरं बोटं भाजून घेत शेंगा ओढत होती. मी परत येऊन त्या मुलीजवळ वाकले. माझी सगळी भिस्त तिच्यावर होती. म्हटलं, "तिनं घरी काही सांगितलेलं नाही. तू हाक मार तिला. तू मारलीस तर सगळे ऐकतील. एकटं बसणं काय असतं ते तुला ठाऊक आहे."

तिनं बांधाकडे पाहिलं. मग आपल्या दोन्ही बाजूंना बसलेल्या मुलींकडे पाहिलं.

"ठावं हाय म्हनून तं," ती हळूच म्हणाली. "मी बोलले तं मला परत भायेर काढतील, बाई."

तिनं पुढची शेंग सोलायला घेतली आणि शेजारणीच्या अंगाला आणखी लागून बसली.