दारापासून विहिरीपर्यंत

“मंग पाय कशाले हायेत?”

हे त्यांचं ठरलेलं उत्तर. लांबचं जवळ आणणारं भिंग का ठेवत नाही, असं कुणी विचारलं की ते स्वतःच्या पायांकडे बोट दाखवत आणि कॅमेऱ्याचा लाकडी स्टँड उचलून चार पावलं पुढे जात. फोटोत सगळं वऱ्हाड मावत नसलं तर चार पावलं मागे. एका लग्नात असेच मागे सरता सरता ते आचाऱ्याच्या कढईला टेकले आणि धोतराचा सोगा जाळून बसले. फोटो मात्र झकास आला.

मेहकरात सगळे त्यांना फोटोमास्तर म्हणत. वऱ्हाड प्रांत तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला होता. मोठे साहेब नागपुरात बसत आणि आम्ही इथे त्यांचे कागद भरत असू. मी ठाण्यात मोहरीर होतो, म्हणजे लिहिणारा. खून झाला की पंचनामा मी लिहायचा. आमच्या फौजदारांना कागदाला फोटो जोडायची हौस, म्हणून मास्तरही सोबत. सहा-सात वर्षं आम्ही दोघं एकाच बैलगाडीत बसून मढी पाहायला गेलो.

शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, भावानं भावाला विळ्यानं कापलेलं आम्ही पाहिलं. मुसळानं डोकं फोडलेली सून पाहिली. पहिल्या वेळी मी कागद गाडीतच टाकून गोठ्यामागे जाऊन बसलो. मास्तर टोपी काढून प्रेताच्या पायाशी क्षणभर उभे होते. मी परत आलो तेव्हा हळूच म्हणाले, “लिहा मुन्शीजी. तुमी नाही लिहिलं तं ह्याच्यासाठी कोन लिहीन?” मी लिहिलं.

त्यांचा कॅमेरा अर्ध्या प्लेटचा, म्हणजे पंजाएवढ्या काचेवर फोटो उतरवणारा, आणि भिंग एकच, आठ इंची. लग्नाला तेच, मयताला तेच. गाडीत वेळ जाईना म्हणून एकदा मी विचारलं, तेव्हा त्यांनी समजावून सांगितलं. त्या प्लेटला पाच इंची भिंग लावलं तर खोलीत सगळं मावतं, पण जवळची वस्तू बोजड होते आणि मागची भिंत दूर पळते. चौदा इंची लावलं तर मागचा डोंगर ओसरीवर येऊन बसतो. आठ इंचीत माणूस माणसाएवढा आणि अंतर अंतराएवढं. फोटो पाहणाऱ्याला मध्ये भिंग होतं हे आठवतसुद्धा नाही.

“अन् पाच इंची तुमच्यापाशी कधीच नव्हतं?” मी विचारलं.

“होतं,” ते म्हणाले. मग सांगितलं. तरुणपणी ते अमरावतीला एका स्टुडिओत कामाला होते. एका अरुंद खोलीत खून झाला. मास्तरांनी सगळी खोली यावी म्हणून पाच इंची भिंग लावलं. आरोपी सांगत होता, की समोरच्यानं जंबिया काढला, मागे भिंत होती, पळायला वाव नव्हता, म्हणून मी मारलं. कोर्टानं फोटो पाहिला. फोटोत ती खोली दिवाणखान्याएवढी दिसत होती. तो माणूस फासावर गेला.

“खोली सहा हाताची होती, मुन्शीजी. म्या तिचं मैदान केलं.”

घरी येऊन त्यांनी ते भिंग पाट्यावर ठेवून वरवंट्यानं फोडलं होतं.

आता तुम्हाला त्या विहिरीची गोष्ट सांगतो. पैनगंगेच्या काठच्या एका गावात एका मोठ्या जमीनदाराला एका शेतकऱ्याची विहीर हवी होती. शेतकरी देईना. एके सकाळी तो मोट जोडत असताना जमीनदाराची दोन माणसं आली आणि त्यांनी कुऱ्हाडीनं त्याला तिथेच तोडला. कपाळापासून डाव्या कानापर्यंत पहिला घाव, मानेवर दुसरा, तिसरा पाठीत. मग उचलून विहिरीत टाकला. त्याची बायको झोपडीच्या दारातून पाहत होती. भाकरी थापत होती, हाताला पीठ तसंच. ती ओरडत धावली, तर कुऱ्हाडीच्या तुंब्यानं, मागच्या बोथट बाजूनं, तिचा खांदा मोडला. पण तिनं दोघांना ओळखलं होतं आणि नावं सांगितली.

आम्ही पोचलो तेव्हा विहिरीचं पाणी लाल होतं. प्रेत वर काढलं, मास्तरांनी त्याचा फोटो घेतला. मग कुणी न सांगता ते झोपडीच्या दारात गेले, बाईची उंची विचारली, तिच्या डोळ्यांच्या रेषेत कॅमेरा आणला, विहिरीवर एका शिपायाला उभं केलं आणि दुसरा फोटो घेतला. मी पावलं मोजून पंचनाम्यात लिहिली, तीस.

आठ दिवसांत मास्तरांकडे जमीनदाराच्या बाजूनं निरोप आला. विहिरीचा फोटो कुठून घेतला ते आठवत नाही, एवढंच कोर्टात म्हणा. मास्तरांनी निरोप आणणाऱ्याला चहा पाजला आणि सांगितलं, की आठवते.

साक्षीच्या दहा दिवस आधी, भर दुपारी, तीन माणसं दुकानात आली. एकाला फोटो काढायचा होता. मास्तरांनी त्याला खुर्चीवर बसवलं, स्वतः काळ्या कापडाखाली शिरले. तेवढ्यात मागून पहिला लठ बसला. त्या कापडात गुंडाळूनच त्यांना मारलं. कॅमेरा फोडला, भिंग दगडावर आपटलं आणि शेवटी उजवा हात उंबऱ्यावर धरून त्यावर टाच मारली. पुन्हा पुन्हा मारली.

ठाणं जवळच होतं. आरडाओरडा ऐकून मी धावलो. सगळीकडे काचा, काचांत रक्त. मास्तर भिंतीशी पडले होते, तोंडातून फेसासारखं काहीतरी येत होतं. मी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं, तेव्हा बोलले ते एवढंच: “विहिरीच्या फोटोची काच ठान्यात हाये ना?”

“हाये,” मी म्हणालो. मग त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं गेले. पण बेशुद्ध झाले होते.

साक्षीच्या दिवशी ते हाताला लाकडी पट्ट्या बांधून उभे राहिले. आरोपीच्या वकिलानं दुसराच एक फोटो पुढे केला. जमीनदारानं बाहेरगावचा फोटोवाला बोलावून त्याच दारातून घ्यायला लावलेला. त्यात विहीर इतकी दूर, की तिच्यावरचा माणूस तांदळाच्या दाण्याएवढा. इथून चेहरा कसा ओळखणार? आणि पंचनाम्यातली तीस पावलं? ती पोलिसांनी ठाण्यात बसून लिहिली, असं वकील म्हणाला. दोन्ही फोटो कॅमेऱ्यानंच काढलेले, मग तुमचाच खरा कशावरून, असं त्यानं मास्तरांना विचारलं.

मास्तर वकिलाकडे वळलेच नाहीत. न्यायाधीशांना म्हणाले, “माह्यावर इस्वास ठेवू नका साहेब. त्या दारात उभे राहा, दोन्ही फोटो हातात घ्या अन् विहिरीकडे पाहा.”

साहेब खरंच आले. विहिरीवर मला उभं केलं. मी पाहत होतो: साहेबांनी एक फोटो डोळ्यांसमोर धरला, खाली केला, मग दुसरा धरला. नंतर मोठ्यानं म्हणाले, “मोहरीर, कानावरची लेखणी काढा. पडेल विहिरीत.”

दोघांपैकी एकाला फाशी झाली, दुसऱ्याला काळं पाणी. जमीनदार कोर्टातून चालत घरी गेला; त्यानं पाठवलं हे कुणालाच शाबीत करता आलं नाही. मास्तरांना मारणारेही सापडले नाहीत. ज्याला खुर्चीवर बसवलं त्याचा चेहरा आठवतो का, असं मी त्यांना विचारलं होतं. “उलटा दिसला,” ते म्हणाले. कॅमेऱ्याच्या काचेत चित्र डोकं खाली पाय वर असं दिसतं. ओळखण्याआधीच लठ बसला होता.

निकालानंतर महिन्याभरानं ती बाई मास्तरांच्या दुकानात आली. मी तिथेच बसलो होतो. दुकान म्हणजे आता नुसती खोली होती. तिला नवऱ्याचा फोटो पाहिजे होता. त्याचा जन्मात एकच फोटो निघाला होता, तो कोणता हे तुम्हाला ठाऊक आहे. मी काही बोलणार, तर मास्तरांनी मला खुणेनं गप्प केलं. “पंधरा दिवसांनी ये माय,” एवढंच म्हणाले.

उजव्या हाताची बोटं वळत नव्हती. डाव्या हातात बारीक कुंचला धरून ते पंधरा दिवस त्या एका फोटोवर बसले. काय करताहेत ते मला दाखवलं नाही. फोटो तिला दिला, आणि त्याच उन्हाळ्यात बहिणीकडे सोनाळ्याला निघून गेले. तिथेच वारले. मला कळलं तेव्हा तेरावंही होऊन गेलं होतं.

पुढे एका चोरीच्या तपासाला मी त्या गावात गेलो. बाईनं ओळखलं, घरात बोलावलं, पाणी दिलं. भिंतीवर तो फोटो होता, हार घातलेला. कपाळापासून कानापर्यंत मास्तरांनी पटका रंगवला होता. पेच थोडे वाकडे होते, डाव्या हाताचे. गळ्याशी उपरणं रंगवलेलं. मिटलेले डोळे तेवढे तसेच ठेवले होते.

“शेतातून आले अन् निजले,” बाई म्हणाली. “असंच वाटते ना, मुन्शीजी?”

त्या पटक्याखालचा घाव मी स्वतः इंचांत मोजून लिहिला होता.

“हाव,” मी म्हणालो.